नौदलाचा शिधा, परदेशी मसूर आणि सोलापूरची दालमिल : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

नौदलाच्या शिध्यासाठी सरकार जी डाळ, तेल, सुकामेवा विकत घेतं, त्यात परदेशातून आलेला माल किती चालतो आणि आपल्या भागातल्या दालमिलला त्यात शिरकाव करता येईल का, अशी विचारणा करणारी पत्रं सोलापूर जिल्ह्यातून आली आहेत. बहुतेकांचा रोख मसुरीवर आहे. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले. उत्तरं सरकारी पुरवठा आणि अन्नतपासणीचं काम रोज करणाऱ्यांकडून घेतली आहेत. खालचे भाव हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. बोली लावताना त्या दिवसाचा भाव, त्या दिवसाचं आयातशुल्क आणि निविदेचा ताजा कागद समोर ठेवा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची दालमिल आहे. मुंबईच्या आयातदाराकडून कॅनडाची अख्खी मसूर रुपयांत घेतो. साफसफाई, भरडणं, सॉर्टेक्स (यंत्रानं रंगावरून दाणे निवडणं), पॅकिंग सगळं सोलापुरात होतं. हा माल ‘मेक इन इंडिया’ म्हणून नौदलाच्या निविदेत देता येईल ना? बाजारात तर सगळे म्हणतात, मिल इथली म्हणजे माल इथला.

नाही, एवढ्यानं होत नाही. सर्वांत जास्त फसगत नेमकी इथेच होते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश २०१७चा आहे आणि १६ सप्टेंबर २०२० रोजी तो सुधारून निघाला. त्यात पुरवठादारांचे तीन गट आहेत. स्थानिक वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तर वर्ग-१, २० ते ५० टक्क्यांच्या आत असेल तर वर्ग-२, आणि २० टक्क्यांहून कमी असेल तर ‘बिगर-स्थानिक’. निविदा जागतिक नसेल तर बिगर-स्थानिक पुरवठादाराला बोलीच लावता येत नाही. आणि २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा सहसा निघतच नाही. म्हणजे २० टक्क्यांची रेघ तुमच्यासाठी दाराची चौकट आहे.

आता हा वाटा मोजायचा कसा? मालाची विक्री किंमत घ्या, देशातले अप्रत्यक्ष कर वगळून. त्यातून आयात भागाची किंमत, त्यावरच्या सीमाशुल्कासह, वजा करा. जे उरतं त्याची विक्री किमतीशी टक्केवारी काढा.

समजा अख्खी मसूर शुल्कासह ६६ रुपये किलोनं पडली. तुमचा उतारा, म्हणजे अख्ख्या मसुरीतून निघणारी डाळ, ७५ टक्के धरला, तर एक किलो डाळीमागे ६६ भागिले ०.७५, म्हणजे ८८ रुपयांची आयात मसूर लागली. डाळ १०४ रुपयांना दिली, तर स्थानिक वाटा १६ रुपये, म्हणजे १५.४ टक्के. तुम्ही बिगर-स्थानिक ठरलात. मिल सोलापुरात आहे, मजूर सोलापूरचे आहेत, वीज इथली आहे, तरीही.

उतारा ८० टक्क्यांवर नेलात तर आयात भाग ८२.५० रुपये होतो आणि वाटा २०.७ टक्के. वर्ग-२ मध्ये जेमतेम शिरलात. पण इतक्या काठावर उभं राहून स्वघोषणा देऊ नका. कच्च्या मालाचा भाव रुपयानं चढला की गणित पुन्हा १९.५ टक्क्यांवर येतं. चुनी (भरडताना निघणारा चुरा) आणि टरफलाचे पैसे आयात किमतीतून वजा करायचे की नाही, हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या. वजा न करता मांडलेला हिशेब जास्त सुरक्षित.

दोन पळवाटा लोक सुचवतात. दोन्ही बंद आहेत. पहिली : ‘आम्ही माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून रुपयांत घेतला, बिल देशी आहे.’ आयात माल देशातल्या विक्रेत्याकडून घेतला तरी तो आयातच धरतात. दुसरी : ‘वाहतूक, विमा जोडून वाटा वाढवू.’ तेही स्थानिक मूल्यात धरत नाहीत. चुकीची घोषणा पकडली गेली तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद करतात. खरेदी १० कोटींच्या वर असेल तर स्वघोषणा पुरत नाही, लेखापरीक्षक किंवा सीएचा दाखला लागतो. ५ लाखांच्या आतल्या खरेदीला हा आदेश लागू नाही.

मग करायचं काय? देशी मसूर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून येते. वरच्याच भावात आणि ७५ टक्के उताऱ्यावर कच्च्या मालातली ४० टक्के मसूर देशी घातली, तर आयात भाग ५२.८० रुपये आणि वाटा ४९.२ टक्के होतो, म्हणजे वर्ग-१ थोडक्यात हुकतो. ४५ टक्के देशी घातली तर वाटा ५३.५ टक्के. पण त्याआधी निविदेत दोन ठिकाणच्या मालाची सरमिसळ चालते का ते पाहा. कॅनडाची क्रिमसन, ऑस्ट्रेलियाची नगेट किंवा निपर आणि मध्य प्रदेशची बारीक मसूर यांचा आकार वेगळा. एकाच रोलवर एकाच सेटिंगनं काढल्या की बारीक दाणा सालासकट निसटतो आणि मोठा दाणा तुकडा होतो. वेगवेगळी काढा, मग मिसळा. आणि कोणत्या घाण्यात कोणती मसूर किती किलो गेली याची नोंदवही ठेवा. चौकशी झाली तर तीच उपयोगी पडते.

आमचं स्पष्ट मत असं की, सोलापूरच्या मिलनं पहिली बोली तूर किंवा हरभरा डाळीवर लावावी. माल बार्शी-अक्कलकोटच्या बाजारातला असतो, शेतकऱ्याची पट्टी आणि आडत्याचं बिल हातात असतं, वर्ग-१चा प्रश्नच राहत नाही. फक्त तुरीतही मोझांबिक आणि म्यानमारचा माल बाजारात मिसळून येतो. तो घेतलात तर त्याला हाच हिशेब लागू.

प्रश्न : पण घेणार कोण? नौदल स्वतः घेतं की दिल्ली?

दोन्ही. डाळ, तेल, चहा, दूध पावडर असा कोरडा शिधा मोठ्या प्रमाणात घेण्याचं काम संरक्षण मंत्रालयाची आर्मी पर्चेस ऑर्गनायझेशन दिल्लीहून करते. नाव लष्कराचं असलं तरी खरेदी तिन्ही दलांसाठी असते. नौदलाचा माल पुढे बेस व्हिक्चुअलिंग यार्डात, म्हणजे नौदलाच्या शिधा-कोठारात उतरतो. मुंबईतलं यार्ड आपल्याला सर्वांत जवळचं. तिथून तो जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या तळांना जातो. भाजी, फळं, मांस, अंडी ही ताजी रसद त्या त्या बंदराच्या आसपासच्या कंत्राटदाराकडून घेतात.

सांगोल्याच्या दोन डाळिंब बागायतदारांनीही हेच विचारलं आहे. तुमचा मार्ग मुंबई, कारवार, कोची, विशाखापट्टणमच्या ताज्या मालाच्या कंत्राटदारांतून जातो. शेतकरी उत्पादक कंपनीनं थेट त्यांच्याशी दर ठरवावा. दिल्लीच्या निविदांत डाळिंब शोधत बसू नका.

बोली ऑनलाइन असते. सरकारी ई-बाजारपेठ जेम आणि केंद्राचं ई-खरेदी संकेतस्थळ, दोन्हींवर नोंदणी करून ठेवा. डिजिटल सहीचं टोकन आधीच करून घ्या, शेवटच्या दिवशी अडतं ते तिथेच.

प्रश्न : आमची बार्शीत मिल आहे. गेल्या पावसाळ्यात एका सरकारी खरेदीत १० टन डाळ परत आली. निघताना आमच्या मीटरवर ओलावा ९.८ होता, तिकडे १३.६ भरला, शिवाय जिवंत कीड सापडली म्हणाले. माल आम्ही स्वतः बघून भरला होता, धुरीही दिली होती. असं होतं कसं?

ओलावा आणि कीड हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळे तपासू.

ओलाव्यासाठी आधी वजनाच्या पावत्या काढा. १०,००० किलो डाळ ९.८ टक्के ओलाव्याची असेल तर तिच्यात कोरडा भाग ९,०२० किलो असतो. तीच डाळ खरोखर १३.६ टक्क्यांवर गेली असेल तर तिचं वजन १०,४४० किलो भरायला हवं. तुमच्या काट्याची आणि तिकडच्या काट्याची पावती लावून बघा. ४०० किलोंच्या आसपास वाढ दिसत असेल तर डाळीनं खरंच पाणी ओढलं. वजन तेवढंच असेल तर दोनपैकी एक मीटर खोटं बोलतंय, आणि फेरतपासणी मागायला तुमच्या हातात लेखी पुरावा आहे.

मीटर चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अख्ख्या दाण्याच्या सेटिंगवर फोडलेली डाळ तपासणं. दुसरं, मिलमधून गरम निघालेली डाळ लगेच मीटरमध्ये घालणं. नमुना थंड होऊ द्या. प्रयोगशाळा मीटरवर विसंबत नाही. दळलेला नमुना १३० ते १३३ अंश सेल्सिअसला २ तास ओव्हनमध्ये ठेवून वजनातली घट काढतात. तुमचं मीटर महिन्यातून एकदा ओव्हनच्या आकड्याशी ताडून घ्या.

डाळीनं खरंच पाणी ओढलं असेल तर दोष पोत्याचा. सोलापूरच्या कोरड्या हवेत डाळ सहज ९-१० टक्क्यांवर येते. साधं विणलेलं प्लॅस्टिकचं पोतं वाफ अडवत नाही. घाट उतरून जुलै-ऑगस्टच्या मुंबईत तो माल गोदामात तीन-चार आठवडे पडला की कडेचे थर आधी ओल धरतात, भिंतीला टेकलेले कट्टे सर्वांत जास्त. म्हणून आतून पॉलिथिनचं अस्तर हवं. पण अस्तर लावताना डाळ गार असली पाहिजे. ऊन असताना तोंड शिवलं तर रात्री आतल्या बाजूला दव धरतं आणि वरच्या थराला बुरशी येते. सॉर्टेक्सनंतर डाळ निदान एक रात्र हवेशीर ठेवा.

हाच नियम उलटाही चालतो, आणि तो तुमच्या खिशाला लागतो. मुंबईहून १३ टक्के ओलाव्याची १० टन मसूर एप्रिलमध्ये आणली आणि ती इथे १० टक्क्यांवर वाळली, तर वजन ९,६६७ किलो उरतं. ३३३ किलो हवेत गेले. दर ठरवताना ही घट न धरणाऱ्या मिलला नफा कुठे गेला ते कळत नाही.

आता कीड. फोडलेल्या डाळीपेक्षा गोटा (साल काढलेला पण न फोडलेला दाणा) जास्त धोक्याचा, कारण कडधान्याचा भुंगेरा अखंड, गोल दाण्यावर अंडी घालतो आणि अळी आत शिरते. बाहेरून दाणा स्वच्छ दिसतो. तुम्ही बघून भरला तेव्हा किडा दिसला नसेल, पण आत अळी असू शकते. फोडलेल्या डाळीत तांबडा भुंगेरा येतो, तो बहुधा मिलच्या सांदीतल्या जुन्या पिठातून आणि चुनीतून. एलेव्हेटरचा बूट (तळाची पेटी) आणि सॉर्टेक्सखालची फट उघडून बघा.

धुरी दिली होती असं तुम्ही लिहिलं आहे, किती दिवस ते लिहिलं नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा प्रचलित डोस टनाला ३ ग्रॅमच्या ३ गोळ्या असा आहे आणि ताडपत्रीखाली गॅस ७ दिवस कोंडलेला राहावा लागतो. गाडी दारात उभी आहे म्हणून दोन दिवसांत ताडपत्री उघडली की मोठे किडे मेलेले दिसतात, अंडी आणि कोष जिवंत राहतात आणि महिन्याभरानं यार्डात भुंगेरे निघतात. धुरी अस्तर लावण्याआधी द्यावी, बंद अस्तरातून गॅस नीट पोचत नाही. हे काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच करून घ्यायचं, आणि गॅस पूर्ण निघाल्याशिवाय माल गाडीत चढवायचा नाही. बंद कंटेनर किंवा जहाजाचं कोठार म्हणजे कोंडलेली जागा, तिथे या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो. यात कसलीही सवलत नाही.

एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) डाळीच्या मानकात ओलावा कमाल १४ टक्के आहे. बाह्य पदार्थ १ टक्का, त्यात खनिज म्हणजे खडा-माती ०.२५ आणि प्राणिजन्य ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नको. खराब दाणे ५ टक्के, किडके दाणे मोजून ३ टक्के, युरिक आम्ल किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. लाखेची (केसरी) डाळ आणि वरून लावलेला रंग अजिबात चालत नाही. संरक्षण खात्याची वैशिष्ट्यपत्रं याहून कडक असू शकतात, आणि जिवंत कीड सापडली की पूर्ण लॉट नाकारतात. म्हणून भरताना प्रत्येक लॉटचे एक-एक किलोचे तीन नमुने लाखेचं सील लावून ठेवा : एक तुमच्याकडे, एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, एक वादासाठी. आणि तेल लावून चकाकी आणू नका. तेल खवट होतं, बाजारात खपणारी ती चमक शिध्याच्या मालाला मारक ठरते.

प्रश्न : मी पंढरपूरचा बेदाणा व्यापारी. नौदलासाठी बदाम आणि मसूर स्वतःच आयात करायचा विचार आहे. काय काय लागेल?

आयात-निर्यात क्रमांक म्हणजे आयईसी, आणि एफएसएसएआयचा आयातीसाठीचा केंद्रीय परवाना. त्याची फी वर्षाला ७,५०० रुपये. तुमचा आताचा राज्य परवाना आयातीला चालत नाही. मसूर-बदामाला निर्यातदार देशाचा वनस्पती आरोग्य दाखला लागतो, आणि धुरी कुठे, कोणत्या औषधाची, किती दिली याचाही कागद. न्हावा शेवाला माल उतरल्यावर सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री, वनस्पती संगरोध विभागाची मोकळीक आणि एफएसएसएआयचा नमुना-अहवाल, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. तोवर गोदामभाडं आणि कंटेनरचं भाडं चालू असतं. पहिल्या खेपेला बहुतेकांचा नफा तिथेच जातो.

कॅनडाच्या मसुरीत ग्लायफोसेट तपासून घ्या. तिकडे कापणीआधी पीक एकसारखं वाळावं म्हणून हे तणनाशक फवारतात. कोडेक्समध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत, मसुरीसाठी त्याची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे.

पाकीटबंद मालाला आणखी एक अट. सीमाशुल्कातून सुटताना टिकवण-मुदतीतली ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जी कमी तेवढी मुदत शिल्लक हवी. बारा महिन्यांच्या मालाला म्हणजे तीन महिने. पण कायद्याला तीन महिने पुरले तरी नौदलाला पुरत नाहीत. निविदेत पोचण्याच्या दिवशी किती मुदत उरली पाहिजे ते स्वतंत्र लिहिलेलं असतं. मागवण्याआधी तो आकडा वाचा.

निखळ आयात केलेला बदाम तुम्ही फक्त पाकिटात भरून देणार असाल, तर पहिल्या उत्तरातला हिशेब पुन्हा करा. बहुधा २० टक्क्यांच्या आतच अडकाल. त्यापेक्षा तुमच्या घरचा बेदाणा पूर्णपणे देशी आहे, त्याची निविदा आधी बघा.

प्रश्न : म्यानमारचा उडीद वापरला तर ‘सीमेला लागून असलेल्या देशांचा’ नियम आडवा येतो का?

सीमेलगतच्या देशांतल्या बोलीदारांवर निर्बंध घालणारा, २३ जुलै २०२० पासून असलेला तो नियम बोली लावणारी कंपनी कोणत्या देशाची आहे ते पाहतो. मालक-भागीदार भारतीय असतील तर उडीद कुठे पिकला यानं त्या नियमात फरक पडत नाही. स्थानिक वाट्याच्या हिशेबात मात्र पडतो. बोलीसोबत या नियमाचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात जोडावं लागतं. ते राहिलं म्हणून बोली बाद होऊ शकते.

प्रश्न : मार्केट यार्डात माझी भुसाराची पेढी आहे. उद्यम नोंदणी आहे. अनामत रकमेतून सूट मिळेल ना?

पेढी फक्त खरेदी-विक्री करत असेल तर नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य-कर्जापुरती. सरकारी खरेदीतलं २५ टक्के आरक्षण, सर्वांत कमी दराच्या १५ टक्के वरपर्यंत असलात तरी दर जुळवायची संधी, अनामतीतून सूट, हे सगळं उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे. दालमिल उत्पादन करते, पेढी करत नाही. अनामत अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते, तेवढे पैसे अडकतील हे धरून चला.

प्रश्न : जहाजावर ५० किलोचे कट्टे का चालत नाहीत? आणि लहान पॅकिंग केलं तर जीएसटी लागतो ना?

यार्डातून जहाजावर माल चढतो तो बऱ्याच अंशी माणसांच्या हातानं. अरुंद जिने आणि उभ्या शिड्या उतरून कोठारापर्यंत रांगेनं हातोहात जातो. पाणबुडीत तर तोंडच गोल आणि अरुंद. ५० किलोचा कट्टा तिथे वळतही नाही. समजा ३०० माणसं, माणशी दिवसाला १०० ग्रॅम डाळ, ३० दिवस : एकूण ९०० किलो. १० किलोची ९० पाकिटं हातोहात उतरवता येतात, सांदीकोपऱ्यात रचता येतात आणि एक फुटलं तरी बाकीची वाचतात. शिवण तुटली की दाणे जाळ्यांत आणि निचऱ्याच्या वाटेत जातात. म्हणून दुहेरी शिवण, कडा दुमडून. अचूक वजन आणि पदर निविदेत असतील तेच धरायचे.

जीएसटीचं असं आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळीला ५ टक्के कर आहे. मात्र संस्थात्मक ग्राहकाला थेट दिलेला माल वजनमापाच्या पाकीट-नियमांतून बाहेर ठेवलेला आहे, आणि त्या अटी पाळून दिला तर करासाठीही तो ‘बांधलेला व लेबल लावलेला’ धरत नाहीत. पाकिटावर किरकोळ विक्रीसाठी नसल्याचा शिक्का हवा. दर भरण्याआधी सल्लागाराचं लेखी मत घ्या. १०४ रुपयांवर ५ टक्के म्हणजे किलोला ५.२० रुपये, इतक्यात डाळीच्या निविदेतला पहिला आणि पाचवा क्रमांक बदलतो.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दुसऱ्या देशांची नौदलं परदेशी अन्न घेतात का?

अमेरिकेचा बेरी कायदा १९४१ पासूनचा आहे. त्यानुसार तिथल्या संरक्षण खात्यानं अन्न देशी घ्यायचं. पण त्याला अपवाद आहेत. परदेशी पाण्यात असलेल्या जहाजांनी केलेली खरेदी त्यातून सुटते. शिवाय अमेरिकेत प्रक्रिया झालेलं अन्न, कच्चा माल कुठलाही असला तरी, चालतं. मासे आणि इतर समुद्री अन्न मात्र या सवलतीतून वगळलं आहे. फरक लक्षात घ्या : तिथे प्रक्रिया कुठे झाली हे विचारतात, आपल्याकडे किंमत कुठे निर्माण झाली हे विचारतात. कॅनडाची मसूर अमेरिकेच्या मिलमध्ये भरडली तर ती तिथल्या नियमात बसेल. सोलापुरात भरडली तर आपल्या नियमात बसायची खात्री नाही. अभ्यासाला विषय हवा असेल तर हा घ्या.

भारतीय जहाज परदेशी बंदरात गेलं की ताजी भाजी, फळं, दूध तिथल्या जहाज-पुरवठादाराकडून घेतलं जातं. डाळ-तांदूळ घरूनच नेलेला असतो.

प्रश्न : मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी नौदलाला देता येईल का?

लष्करानं मार्च २०२३ मध्ये जवानांच्या शिध्यात भरडधान्याचं पीठ पुन्हा आणलं. तांदूळ आणि गव्हाच्या पिठाच्या हक्काच्या २५ टक्क्यांपर्यंत बाजरी, ज्वारी, नाचणीचं पीठ घ्यायची मुभा दिली. तो निर्णय लष्कराचा आहे, नौदलाच्या मागणीसाठी त्यांचीच निविदा बघा. अडचण टिकवणीची आहे. गव्हाच्या पिठाच्या मानानं ज्वारीचं पीठ लवकर खवट होतं, बाजरीचं त्याहून लवकर. म्हणून मागणी आल्यावरच दळा, दळल्याची तारीख पाकिटावर स्पष्ट टाका. मंगळवेढा ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

प्रश्न : बोली जिंकली, आणि मग सरकारनं आयातशुल्क वाढवलं तर? आणि पैसे किती दिवसांत?

शुल्काची चिंता रास्त आहे. मसुरीवर डिसेंबर २०१७ मध्ये ३० टक्के शुल्क बसलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये ते शून्यावर आलं, मार्च २०२५ पासून १० टक्के झालं. करारात करबदलाचं कलम असेल तर वाढीव शुल्क मागता येतं, पण ते सहसा ज्यानं बोलीत शुल्क वेगळं दाखवलं आणि स्वतः भरलं त्याला. तुम्ही मुंबईच्या आयातदाराकडून रुपयांत घेत असाल तर तुमच्याकडे बिल ऑफ एंट्रीच नसतं, मागणार कशाच्या जोरावर? त्यामुळे बोली लावायच्या दिवशीच आयातदाराशी भाव आणि प्रमाण लेखी बांधून घ्या, बोलीच्या वैधतेच्या मुदतीपर्यंत.

उशिराचा दंड सहसा आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के. १० टन, १०४ रुपये दरानं, म्हणजे १०,४०,००० रुपयांच्या मालावर आठवड्याला ५,२०० रुपये. अर्धवट आठवडाही पूर्ण धरतात.

जेमवर माल पोचल्यावर आधी तात्पुरती पोच निघते, मग तपासणीनंतर स्वीकृती प्रमाणपत्र. पैशाचं घड्याळ त्या स्वीकृतीपासून सुरू होतं, गाडी पोचल्यापासून नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारी संकेतस्थळावर करता येते. तिथे जाण्याआधी बिलातला बँक खातेक्रमांक, लॉट क्रमांक आणि स्वीकृतीवरचं वजन एकमेकांशी जुळतात का ते बघा. पैसे अडकल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांत अनेकदा १० टनांच्या बिलापुढे स्वीकृतीवर ९,९६० किलो लिहिलेले असतात आणि सुधारित बिल कोणी पाठवलेलंच नसतं.